बॉनेटखालच्या रबरी पट्ट्यांना हात लावण्यापूर्वी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गाडीचे इंजिन जास्त तापते असे वाटले की बॉनेटच्या आतल्या बाजूचे जाड काळे अस्तर काढून टाकावे, कडेने बसवलेल्या रबरी पट्ट्याही उपटाव्यात, म्हणजे आतली गरम हवा मोकळी होते आणि इंजिन थंड राहते, हा सल्ला गेल्या वर्षभरात मी तीन वेगवेगळ्या माणसांकडून ऐकला. तिघेही आपापल्या गाडीची मनापासून काळजी घेणारे आहेत. त्यांतला तिसरा माझा भाचा असून त्याने हा सल्ला अमलातही आणला होता. यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना उष्णतेचे वहन आणि अंतर्ज्वलन इंजिने हे विषय मी अनेक वर्षे शिकवले, म्हणून या बाबतीत गप्प राहणे मला योग्य वाटत नाही. माझे म्हणणे असे आहे की अस्तर काढल्याने नुकसान होते पण ते सोसण्यासारखे असते. रबरी पट्ट्या काढल्याने मात्र इंजिन थंड होण्याऐवजी अधिक तापू शकते, आणि समोरच्या काचेच्या पायथ्याशी असलेली मागची पट्टी काढणे तर गाडीत बसणाऱ्यांच्या जिवाशी खेळणे आहे.

हा सल्ला देणाऱ्यांना मी दोष देत नाही, कारण त्यामागचा विचार वरवर पाहता अगदी बरोबर वाटतो. ताप आलेल्या माणसाच्या अंगावरचे पांघरूण आपण काढतो, मग तापलेल्या इंजिनावरचे का काढू नये? भाच्याने मला हेच विचारले. "मामा, इंजिनालाही श्वास घ्यायला जागा हवी ना," असे तो म्हणाला आणि त्या क्षणी माझ्याकडे एका वाक्यात देता येईल असे उत्तर नव्हते. ते उत्तर देण्यासाठी इंजिनातली उष्णता कुठून कुठे जाते, हे आधी नीट पाहावे लागते.

पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते, तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांकडे जाणाऱ्या कामासाठी वापरला जातो, साधारण तेवढाच भाग धुराबरोबर सायलेन्सरमधून बाहेर पडतो आणि उरलेला बहुतांश भाग कूलंटमार्फत, म्हणजे इंजिनाभोवती फिरून ते थंड ठेवणाऱ्या द्रवामार्फत, पुढच्या बाजूच्या रेडिएटरकडे जातो, जिथे हा द्रव बाहेरच्या हवेने निवतो. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. मोठ्या रस्त्यावर धावणारी गाडी तासाला सहा लिटर पेट्रोल पीत असेल, तर इंजिनात सतत सुमारे ५० किलोवॅट दराने उष्णता निर्माण होत असते आणि त्यातले १५ किलोवॅट किंवा त्याहून थोडे अधिक रेडिएटरला बाहेर टाकावे लागते. आता बॉनेटचा पत्रा पाहा. त्याचे क्षेत्रफळ दीड चौरस मीटर धरले आणि उभ्या गाडीत तो बाहेरच्या हवेपेक्षा ३५ अंशांनी गरम आहे असे मानले, तर त्यातून बाहेर जाणारी उष्णता अर्ध्या किलोवॅटच्या आसपास भरते. अस्तर असले तर हा आकडा आणखी कमी होतो. म्हणजे अस्तर काढून मिळणारा फायदा काहीशे वॅटचा आहे आणि तो प्रामुख्याने बॉनेटखालच्या हवेला मिळतो, कूलंटला नाही.

हा फरक शून्य आहे असे मी म्हणणार नाही. गाडी एका जागी उभी असताना इंजिन तासाला पाऊण-एक लिटर पेट्रोल जाळत असते आणि कूलंटमध्ये दोन-तीन किलोवॅटच उष्णता जात असते, तेव्हा अर्धा किलोवॅट हा आकडा अगदीच नगण्य वाटत नाही. परंतु त्या वेळी रेडिएटर आणि त्याचा पंखा यांची क्षमता गरजेपेक्षा कितीतरी अधिक असते. कूलंटचे तापमान ठरवतो तो थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट तापल्यावर त्याला रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप. तो साधारण ८२ ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडू लागतो, आणि तापमान आणखी वाढले की पंखा सुरू होतो. बॉनेटखालची हवा चार-पाच अंशांनी थंड झाली तर पंखा थोडा उशिरा सुरू होईल, एवढेच. काट्यावर दिसणारे तापमान होते तिथेच राहते. इंजिनाला ते तापमान हवेच असते. त्याहून थंड इंजिन जास्त इंधन पिते आणि त्याची झीजही लवकर होते. ताप आलेल्या माणसाची उपमा इथेच चुकते, कारण नव्वद अंश हा इंजिनाचा ताप नव्हे, ती त्याची प्रकृती आहे.

आता पट्ट्यांकडे वळतो, कारण खरा विषय तिथे आहे.

बॉनेट उघडले की समोर, रेडिएटरच्या वरच्या आडव्या पट्टीवर, एक रबरी किंवा फोमची पट्टी दिसते. काही गाड्यांत तिच्या जोडीला रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे पातळ पडदेही असतात. रबरी पट्टी धूळ आणि आवाज अडवते हे खरे, पण तिचे मुख्य काम वेगळे आहे. गाडीच्या पुढच्या जाळीतून आत आलेल्या हवेने रेडिएटरमधूनच जावे, वरून किंवा बाजूने पळवाट काढू नये, हे ती पाहते. हवा आळशी असते. अडथळा कमी असेल तिकडे ती वळते. रेडिएटरच्या बारीक पंखांमधून शिरणे तिला कष्टाचे असते आणि वरची फट मोकळी मिळाली तर ती बरीचशी त्या फटीतून निघून जाते. आत हवा भरपूर आलेली असते, पण तिने उष्णता मात्र उचललेली नसते.

गाडी उभी असताना परिस्थिती याहून वाईट होते, आणि ती मी स्वतः पाहिली आहे. भाच्याची तक्रार अशी होती की पट्ट्या काढल्यानंतर सिग्नलला थांबले की एसी कोमट हवा देतो आणि गाडी धावू लागली की पुन्हा थंड होते. वायू भरून झाला, फिल्टर बदलून झाला, तरी फरक पडला नाही. मी गाडी सुरू ठेवायला सांगितली, पंखा चालू झाल्यावर जाळीच्या वर, बॉनेटच्या पुढच्या कडेशी तळहात धरला, तेव्हा त्या फटीतून गरम वाफारा बाहेर येत होता. लोकरीचा एक लांब धागा काडीला बांधून तिथे धरला, तर तो आधी बाहेरच्या बाजूला फडफडला आणि थोडा खाली आणताच जाळीकडे ओढला गेला. चक्र डोळ्यांसमोर होते: पंख्याने रेडिएटरमधून ओढलेली गरम हवा बॉनेटखाली जमत होती, वरच्या मोकळ्या फटीतून पुढे येत होती आणि पंखा तीच हवा पुन्हा आत घेत होता. रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीने गोळा केलेली उष्णता बाहेर टाकणारा भाग असतो, त्यामुळे त्याला बाहेरच्या हवेऐवजी इंजिनाची उष्ण हवाच मिळत होती. गरम हवेला बाहेर जायला वाट हवी म्हणून पट्टी काढली गेली होती आणि त्याच वाटेने ती पुन्हा आत येत होती.

नवी पट्टी बसवल्यावर तोच धागा तिथेच धरला तेव्हा तो स्थिर राहिला आणि एसीची तक्रार संपली. एका गाडीवरून सिद्धांत मांडू नये हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो, त्यामुळे या एका अनुभवाचा मी पुरावा करत नाही. परंतु त्यामागचे भौतिकशास्त्र कोणत्याही गाडीला लागू आहे आणि ही परीक्षा कोणालाही आपल्या दारात करता येईल. फक्त हात, धागा आणि सैल कपडे पंख्यापासून आणि इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यापासून (बेल्टपासून) दूर ठेवावेत.

या पुढच्या पट्टीशी निगडित आणखी एक गोष्ट आहे. आजच्या बहुतेक गाड्यांत इंजिनाला लागणारी हवा बॉनेटच्या पुढच्या कडेजवळून किंवा हेडलाइटच्या मागून, बाहेरची थंड हवा मिळावी अशा बेताने नळीने घेतली जाते. हवा दहा अंशांनी गरम झाली की तिची घनता सुमारे तीन टक्क्यांनी घटते आणि त्या प्रमाणात इंजिनाला मिळणारा प्राणवायूही घटतो. पुढची पट्टी काढल्यावर गरम हवा ज्या वाटेने पुढे येते, ती वाट अनेक गाड्यांत या नळीच्या तोंडाजवळूनच जाते. ज्याला इंजिनाची ताकद वाढवायची आहे, त्यानेही या पट्टीला हात लावू नये, ते याच कारणासाठी.

आता मागची पट्टी. ती इंजिनाच्या मागच्या भिंतीच्या माथ्यावर, वायपरच्या थोडी पुढे बसवलेली असते आणि बॉनेट बंद झाल्यावर त्याच्या आतल्या बाजूला घट्ट चिकटते. तिच्या पुढे इंजिनाचा कप्पा असतो आणि मागे, काचेच्या पायथ्याशी, एक पन्हळ असते. बहुतेक गाड्यांत आतल्या माणसांना मिळणारी ताजी हवा याच पन्हळीतून ब्लोअरकडे, म्हणजे गाडीच्या आत हवा सोडणाऱ्या पंख्याकडे जाते. ही एक पट्टी इंजिनाची हवा आणि माणसांची हवा यांच्यामधली सीमा आहे.

ही सीमा काढून टाकली तर काय होईल, याचा विचार सल्ला देणाऱ्याने केलेला नसतो असे मला वाटते. इंजिनाच्या कप्प्यात तेलाची वाफ असते, कूलंट कुठे झिरपत असेल तर त्याचा गोडसर वास असतो, बॅटरीतून निघणारे वायू असतात. यातले बरेचसे नाकाला कळते, त्यामुळे त्याचा त्रास तरी लक्षात येतो. ज्याची खरी भीती आहे तो कार्बन मोनॉक्साइड रंगहीन आणि गंधहीन आहे. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशे पटींहून अधिक घट्ट धरते, म्हणून हवेत त्याचे प्रमाण थोडे असले तरी ते शरीरात साचत जाते. डोके दुखणे, मळमळणे, सुस्ती येणे ही त्याची लक्षणे प्रवासाच्या थकव्यासारखीच असतात आणि तिथेच माणूस फसतो. गाडी चालवणाऱ्याला सुस्ती येणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

यावर मला दोन उत्तरे ऐकायला मिळाली. पहिले असे की आता गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, तो विषारी वायू उरूच देत नाही. कन्व्हर्टर तापल्यावर आपले काम चांगले करतो हे खरे. परंतु इंजिनाच्या कप्प्यात धूर गळतो तो बहुधा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या, गॅस्केटमधून (सांध्यातल्या चकतीतून) किंवा मॅनिफोल्डला गेलेल्या तड्यातून, आणि ती जागा कन्व्हर्टरच्या अलीकडची असते. तिथून निघणारा धूर शुद्ध झालेलाच नसतो. दुसरे उत्तर असे की ब्लोअरच्या मार्गात फिल्टर आहे. तो फिल्टर धूळ आणि परागकण अडवतो, आणि त्यात सक्रिय कोळसा असेल तर काही वासही शोषून घेतो. कार्बन मोनॉक्साइड यांपैकी कशानेही अडत नाही. आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबून ठेवले तरी गाडी काही हवाबंद डबा होत नाही.

याच पट्टीबद्दल एक गैरसमज इतका पसरला आहे की त्यावर थोडे सविस्तर लिहितो. काहीजण मागची पट्टी काढतात, तर काहीजण बॉनेटच्या बिजागरीखाली वायसर घालून त्याची मागची कड बोटभर उचलतात. गाडी धावताना गरम हवा या मागच्या फटीतून बाहेर खेचली जाईल अशी त्यांची कल्पना असते. प्रत्यक्षात धावत्या गाडीत काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढलेला असतो, कारण बॉनेटवरून येणारा प्रवाह तिथे उभ्या काचेला अडतो. आतल्या माणसांसाठी ताजी हवा घेण्याची जागा तिथे असण्याचे एक कारणच हे आहे की वाढलेल्या दाबामुळे हवा आपोआप आत येते. शेव्हर्ले कंपनीच्या १९७० सालच्या शेव्हेल एसएस या गाडीत तर बॉनेटच्या मागच्या भागात काचेकडे तोंड करून उघडणारी झडप दिली होती, आणि ती गरम हवा बाहेर सोडण्यासाठी नव्हे, तर त्या वाढलेल्या दाबाची थंड हवा इंजिनाला पाजण्यासाठी होती. त्यामुळे मागची कड उचलून धावत्या गाडीतली उष्णता बाहेर जाईल हा भरवसा चुकीचा आहे. उलट बाहेरची हवा मागून आत शिरून रेडिएटरमधून येणाऱ्या प्रवाहाला विरोध करू शकते. गाडी थांबली की मात्र त्या फटीतून गरम हवा खरोखर वर येते आणि ती थेट ब्लोअरच्या तोंडाशी येते.

शर्यतीच्या गाड्यांचे उदाहरण या संदर्भात हमखास दिले जाते. त्या गाड्यांत अस्तर नसते आणि बॉनेटला फटी असतात, हे मान्य. पण त्या फटी कुठे असतात ते पाहावे. जाणकारांनी केलेल्या बॉनेटमध्ये त्या पुढच्या भागात, रेडिएटरच्या लगेच मागे असतात, कारण तिथे बॉनेटवरून जाणाऱ्या हवेचा दाब कमी झालेला असतो. रेडिएटरच्या भोवतीच्या फटी तर त्या गाड्यांत आपल्या गाडीपेक्षाही काटेकोरपणे बुजवलेल्या असतात. शर्यतीचा संघ अस्तर काढतो ते वजन वाचवण्यासाठी. पट्ट्या काढल्याने इंजिन थंड राहते असे तो कधी मानत नाही.

पाण्याचाही विचार करावा लागतो. काचेवरून उतरणारे पाणी पन्हळीत जमून दोन्ही बाजूंच्या भोकांमधून खाली जावे अशी योजना असते आणि मागची पट्टी ते पाणी इंजिनावर येऊ देत नाही. अनेक इंजिनांत प्लगच्या खोलगट विहिरी आणि त्यांवर बसवलेल्या कॉइल नेमक्या वरच्या बाजूला असतात. तिथे पाणी साचले की इंजिन मिस मारू लागते आणि कारण सापडेपर्यंत मालक प्लग, कॉइल आणि सेन्सर बदलत बसतो. बाजूच्या पट्ट्यांजवळ पुष्कळदा फ्यूज बॉक्स आणि वायरिंगचे सांधे असतात. त्यांना ओल लागली की बिघाड लगेच होत नाही. हिरवट गंज हळूहळू चढतो आणि काही महिन्यांनी कधी दिवा लागत नाही, कधी पंखा फिरत नाही, अशा तक्रारी सुरू होतात. पंखाच फिरला नाही तर इंजिन खरोखर तापते.

आता अस्तराबद्दल, ज्याच्या बाबतीत मी इतका कठोर नाही. हे अस्तर बहुधा काचतंतूंचे, दाबलेल्या तंतूंच्या नमद्याचे किंवा फोमचे असते, वरून न विणलेल्या कापडाचा किंवा ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा थर असतो आणि ते प्लास्टिकच्या क्लिपांनी बॉनेटला टांगलेले असते. त्याचे पहिले काम आवाज शोषणे हे आहे. एक-दोन सेंटिमीटर जाडीचे अस्तर सगळे आवाज शोषू शकत नाही. १०० हर्ट्झच्या खर्जातल्या घुमण्याची तरंगलांबी साडेतीन मीटरच्या आसपास असते आणि तिच्यापुढे हे अस्तर जणू नसतेच. पण २००० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी सुमारे १७ सेंटिमीटर असते, आणि डिझेल इंजिनाचा खडखडाट, इंजेक्टरची टिकटिक, बेल्टची कुरकुर हे सगळे याच उंच पट्टीच्या आसपासचे आवाज आहेत. ते कानाला आणि मेंदूला सर्वांत जास्त शिणवतात, म्हणून अस्तर काढलेली गाडी दूरच्या प्रवासात थकवते. हा आवाज रस्त्यावरच्या इतरांनाही ऐकावा लागतो, ही गोष्ट आपण सहसा विसरतो. वाहनांच्या बाहेरच्या आवाजावर संयुक्त राष्ट्रांच्या ५१ क्रमांकाच्या नियमावलीने मर्यादा घातली आहे आणि ती पाळण्यात अशा अस्तरांचाही वाटा असतो.

अस्तराच्या बाजूने सांगितल्या जाणाऱ्या सगळ्याच गोष्टी मला पटत नाहीत, हेही नमूद करतो. अस्तर नसेल तर बॉनेटचा रंग जळून जाईल असे म्हणतात. कारखान्यातला रंग भट्टीत सुमारे १४० अंशांना भाजून पक्का केलेला असतो, त्यामुळे सामान्य गाडीत तो उष्णतेने सहजी जात नाही. टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा भरणारे, खूप तापणारे यंत्र) बॉनेटच्या अगदी जवळ असेल किंवा बॉनेट नंतर पुन्हा रंगवलेले असेल तर मात्र काळजी घ्यावी. दुसरे म्हणजे आग लागल्यास क्लिपा वितळून अस्तर इंजिनावर पडते आणि आग विझते असे सांगितले जाते. चांगले अस्तर आगीला सहज बळी पडत नाही, हा त्याचा गुण आहेच, पण ते आग विझवील या आशेवर कोणी राहू नये. बॉनेटखालून धूर येऊ लागला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, सगळ्यांनी उतरून दूर जावे आणि बॉनेट पूर्ण उघडू नये, कारण उघडताच आत कोंडलेल्या आगीला हवा मिळते आणि ती भडकते.

काही गाड्या कारखान्यातूनच अस्तराशिवाय येतात, मग आमच्या गाडीचे काढले तर काय झाले, हा प्रश्न रास्त आहे. एकाच बॉडीत पेट्रोल इंजिनाच्या गाडीला अस्तर नाही आणि डिझेलच्या गाडीला आहे, असेही पाहायला मिळते. ज्या गाडीला ते मुळातच नाही, तिची चाचणी ते नाही हे धरूनच झालेली असते. तिला ते बसवण्याची गरज नाही, आणि ज्या गाडीला आहे तिचे काढण्याचे कारण नाही. कारखान्यातून निघालेल्या गाडीला काचेच्या पायथ्याशी पट्टीच नाही, असे मात्र क्वचितच दिसेल. निर्माता पैसे वाचवताना अस्तर गाळतो पण ती पट्टी ठेवतो, यातच दोघांच्या महत्त्वातला फरक दिसून येतो.

अस्तर काढलेच पाहिजे अशा वेळाही असतात. ते तेलाने किंवा इंधनाने भिजले असेल तर एक दिवसही ठेवू नये, कारण तापलेल्या एक्झॉस्टवर टांगलेली ती वात आहे. क्लिपा तुटून ते लोंबू लागले असेल, बेल्टला किंवा मॅनिफोल्डला टेकण्याची शक्यता असेल, तर ते लगेच उतरवावे. उंदरांनी त्यात घर केले असेल तर तेही बदलावे, मात्र अस्तर गेल्याने उंदीर गाडी सोडतील असे मानू नये; त्यांना ऊब हवी असते आणि ती इंजिनावरही मिळते, शिवाय कुरतडायला वायरिंग असतेच. काचतंतूंचे जुने अस्तर हाताळताना हातमोजे घालावेत आणि नाकातोंडावर मास्क बांधावा. उतरवलेल्याच्या जागी त्याच गाडीसाठी बनवलेले नवे अस्तर नव्या क्लिपांनी बसवावे. घरातल्या गादीचा फोम, थर्माकोल किंवा चकचकीत कागद लावलेले कोणतेही आवरण गोंदाने चिकटवू नये. उष्णतेने गोंद सुटतो आणि तो फोम आग पकडतो. अशा जुगाडापेक्षा अस्तर नसलेले बॉनेट परवडले.

पट्ट्यांचे आयुष्यही संपते. रबर उष्णतेने कडक होते, दबून चपटे होते, सांध्यांत फाटते. ती अजून काम करते की नाही हे पाहण्याची सोपी रीत अशी: पट्टीच्या वरच्या कडेला खडू घासावा, बॉनेट नेहमीसारखे बंद करून पुन्हा उघडावे आणि आतल्या पत्र्यावर उमटलेली रेघ पाहावी. रेघ जिथे तुटलेली दिसेल तिथे पट्टी टेकत नाही. कागदाची पट्टी मध्ये ठेवून, बॉनेट लावून ती ओढून पाहिली तरीही समजते. कागद विनासायास निघाला तर तिथे फट आहे. अपघातानंतर बॉनेट बदललेल्या गाडीत ही परीक्षा अवश्य करावी, कारण बॉनेट किंचित वर बसले तरी पट्टी निरुपयोगी होते.

गाडी खरोखर तापत असेल तर शोध भलत्या ठिकाणी घेऊ नये. कूलंटची पातळी, कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये अडकलेला कचरा आणि किडे, पंखा आणि त्याचा रिले, थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप आणि रेडिएटरचे झाकण ही पाहण्याची ठिकाणे आहेत. झाकणाकडे फार दुर्लक्ष होते. नुसते पाणी १०० अंशांना उकळते, निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल असलेले कूलंट सुमारे १०७ अंशांना, आणि झाकणाने साधारण एक वातावरणाइतका जादा दाब धरून ठेवला तर तेच कूलंट १२५ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाचा रबरी वायसर गेला की ही सगळी सवलत जाते. बॉनेटचे अस्तर उतरवून ती परत मिळत नाही. हे झाकण इंजिन गरम असताना कधीही उघडू नये, हे पुन्हा लिहिण्याची गरज पडू नये, पण मी भाजलेले हात पाहिले आहेत.

गॅरेजमध्ये काम करणाऱ्या बांधवांना माझी विनंती आहे की बॉनेटखालचे काही काढण्याचा सल्ला देण्यापूर्वी ते तिथे का बसवले असेल, हा प्रश्न एकदा स्वतःला विचारावा. रेडिएटर किंवा वायपरच्या कामासाठी पट्टी काढावी लागली तर ती परत बसवूनच गाडी मालकाच्या ताब्यात द्यावी. वाहन बनवणाऱ्यांकडेही माझे एक मागणे आहे. रेडिएटरच्या झाकणावर ते धोक्याची सूचना छापतात, बॅटरीवर छापतात, पंख्याजवळ छापतात. मात्र मागच्या पट्टीवर किंवा मालकाला मिळणाऱ्या पुस्तिकेत तिचे काम काय, याबद्दल एक ओळही मला आजवर आढळलेली नाही. तिथे दोन ओळी छापल्या तर मालकाला कोणाच्या सांगण्यावर अवलंबून राहावे लागणार नाही.

आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पानावर उघड्या बॉनेटचे एक साधे चित्र छापून त्यात पुढची, बाजूची आणि मागची पट्टी दाखवावी आणि प्रत्येकीचे काम एका वाक्यात लिहावे, अशी माझी सूचना आहे. त्यासाठी लागणारा मजकूर आणि रेखाटन मी आनंदाने करून देईन.

आपला नम्र,
यंत्र अभियांत्रिकीचा एक निवृत्त शिक्षक